गीहोनचं पाणी शिलोहला कसं पोहोचलं

जेरुसलेमला नदी नाही. समुद्र पन्नासेक किलोमीटर पश्चिमेला. पूर्वेला खोल दरीत मृत समुद्र आहे, पण त्याचं पाणी तोंडात धरवत नाही. या कोरड्या डोंगरावर हजारो वर्षांपूर्वी वस्ती झाली ती एका झऱ्याच्या भरवशावर. किद्रोनच्या दरीत, खडकाच्या कपारीतून उसळणारा हा झरा म्हणजे गीहोन. चुनखडीच्या पोटातल्या पोकळ्या भरल्या की तो जोरात उसळायचा आणि रिकाम्या झाल्या की ओसरायचा. वस्ती होती ती झऱ्याच्या वर, डोंगराच्या अरुंद सोंडेवर. तट मजबूत हवा तर तो उंचावर बांधायला हवा, आणि झरा तर दरीच्या तळाशी. शत्रूनं वेढा घातला की गाव तहानेनं व्याकूळ होणार आणि गावाच्या झऱ्यावर शत्रूची घोडी पाणी पिणार, ही भीती प्रत्येक पिढीला होती.

या भीतीवर शोधलेला उपाय आजही जागेवर आहे. डोंगराच्या एका कुशीतल्या गीहोनपासून दुसऱ्या टोकाच्या शिलोह तळ्यापर्यंत अखंड खडकातून खोदलेला, नागमोडी वळणांचा ५३३ मीटर लांबीचा बोगदा. सरळ रेषेत मोजलं तर दोन टोकांमधलं अंतर सुमारे ३२० मीटरच भरतं. एवढ्या लांबीत तळाचा एकूण उतार फक्त ३० सेंटिमीटरच्या आसपास आहे, तरीही पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहतं. खोदकाम दोन्ही बाजूंनी सुरू झालं होतं आणि दोन टोळ्या डोंगराच्या पोटात, अंधारात एकमेकींना येऊन भेटल्या. हे काम सुमारे २,७०० वर्षांपूर्वीचं.

बायबलशी निगडित पुरातत्त्वात अशी जागा क्वचितच सापडते. एकाच काळाबद्दल इथे तीन वेगवेगळे साक्षीदार बोलतात आणि तिघांचे हितसंबंध वेगळे आहेत. पहिला साक्षीदार बायबल, दुसरा जेरुसलेमवर चालून आलेल्या सम्राटाचा दरबारी वृत्तांत आणि तिसरा खुद्द बोगद्याच्या भिंतीवर कोरलेला लेख. कुठे त्यांचं जुळतं आणि कुठे बिनसतं, यातूनच त्या काळाचं खरं चित्र हाती येतं.

इ.स.पू. आठव्या शतकात पश्चिम आशियावर अश्शूर म्हणजे अ‍ॅसिरियाचा वचक होता. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरच्या फौजांनी उत्तरेकडचं इस्राएलचं राज्य संपवलं. तिथून पळालेली अनेक कुटुंबं दक्षिणेतल्या यहूदा राज्यात आली असावीत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. जेरुसलेमची वस्ती सोंडेवरून पश्चिमेच्या टेकडीवर पसरली. यहूदाचा राजा हिज्कीया याने पुढे अश्शूरला खंडणी द्यायचं बंद केलं आणि इ.स.पू. ७०१ मध्ये सम्राट सन्हेरीब सैन्य घेऊन आला.

हल्ला होणार हे हिज्कीयाला ठाऊक होतं. त्याच्या तयारीच्या खुणा आज मातीत सापडतात. यहूदाच्या गावागावांत मोठ्या रांजणांचे शेकडो कान मिळाले आहेत. त्यांवर ‘राजासाठी’ अशा अर्थाची मुद्रा उठवलेली आहे. तेल, दारू, धान्य अशा सरकारी साठवणीचे हे रांजण होते, असा अंदाज आहे. खुद्द हिज्कीयाच्या मुद्रेचा मातीवरचा ठसा २००९ मध्ये प्राचीन यहुदी मंदिराच्या टेकडीजवळच्या ओफेल भागात मिळाला. आहाजचा मुलगा, यहूदाचा राजा हिज्कीया, असा मजकूर त्यावर आहे आणि मध्ये पंख पसरलेला सूर्य. एलात मझार यांच्या उत्खननात आलेला हा ठसा बोटाच्या नखाएवढा आहे. पपायरसचा दस्तऐवज दोऱ्यानं बांधून त्यावर मातीचा गोळा लावत आणि मुद्रा दाबत. दस्तऐवज नाहीसा झाला, माती राहिली.

१९७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ नाहमान अविगाद यांना जुन्या शहराच्या यहुदी मोहल्ल्यात तटाची सुमारे सात मीटर जाडीची भिंत मिळाली. ती राहत्या घरांवरून गेलेली दिसते. घरं पाडून तिची वाट मोकळी केली होती. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात नेमकी हीच गोष्ट आहे, पण ती कौतुकाची नव्हे. तुम्ही घरं मोजली, तट भक्कम करायला ती पाडली, दोन तटांच्या मध्ये पाणी साठवलं, पण हे सगळं ज्यानं घडवलं त्याच्याकडे पाहिलं नाही, असा संदेष्ट्याचा रोख आहे. राजाच्या बांधकामाची अशी समकालीन टीका धर्मग्रंथात टिकून राहावी आणि टीकेत उल्लेख असलेली पाडलेली घरं कुदळीखाली निघावीत, असा योग दुर्मीळच. ‘राजे’ आणि ‘इतिहास’ या पुस्तकांचा सूर मात्र वेगळा आहे. हिज्कीयानं गीहोनचं पाणी अडवून शहराच्या पश्चिमेला खाली नेलं, हे त्यांनी त्याच्या मोठ्या कामांमध्ये नोंदवलं आहे.

आता शत्रूचं म्हणणं. १८३० मध्ये अश्शूरची राजधानी निनवे हिच्या अवशेषांतून कर्नल टेलर यांच्या हाती भाजलेल्या मातीचा सहा पैलूंचा एक स्तंभ आला. आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कीलाकार लिपीतल्या त्याच्या मजकुरात सन्हेरीब सांगतो की, त्यानं हिज्कीयाची ४६ तटबंद शहरं घेतली आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं जेरुसलेमात कोंडलं. खंडणी म्हणून ३० किक्कार सोनं आणि ८०० किक्कार चांदी मिळाल्याचा त्याचा दावा आहे. बायबलमध्ये सोन्याचा आकडा तोच आहे, ३० किक्कार. चांदी मात्र तिथे ३०० किक्कार आहे. एक किक्कार म्हणजे ढोबळमानानं ३० किलो. दोन वैऱ्यांच्या वह्यांमध्ये सोन्याचा हिशेब तंतोतंत जुळावा, हे बायबलच्या अभ्यासकांना आजही महत्त्वाचं वाटतं.

सन्हेरीबच्या वृत्तांतात एक गोष्ट नाही, आणि तीच बोलकी आहे. जेरुसलेम घेतलं, असं तो कुठेच म्हणत नाही. त्याने निनवेच्या राजवाड्यात यहूदातल्या लाखीश शहराच्या वेढ्याची शिल्पं कोरून घेतली. ऑस्टिन हेन्री लेयार्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ती उकरून काढली. तटाला भिडवलेला मातीचा उतार, त्यावरून चढणारी तट फोडायची यंत्रं, वरून पडणाऱ्या मशाली, सुळावर चढवलेली माणसं आणि बैलगाडीवर संसार लादून निघालेली कुटुंबं त्यात दिसतात. पुढे डेव्हिड उसिश्किन यांच्या उत्खननात लाखीशच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावर खराखुरा उतार सापडला. त्याबरोबर लोखंडी बाणांची टोकं, गोफणीचे दगड आणि तटाच्या आत घाईघाईनं रचलेला बचावाचा भरावही मिळाला. राजवाड्याच्या भिंतीवर मिरवायला सम्राटानं लाखीश निवडलं, कारण राजधानी त्याच्या हाती आली नव्हती. ती का वाचली याचं उत्तर बायबल देवदूताच्या प्रहारात शोधतं, अश्शूरचा वृत्तांत खंडणीवर बोट ठेवतो. शहर टिकलं एवढं दोघांकडूनही निघतं, आणि शहर टिकायचं तर आत पाणी हवं.

बोगदा कधी पूर्ण विस्मृतीत गेला नव्हता. खालच्या तोंडाशी पाणी येतच होतं आणि लोक ते वापरतही होते. पण तो मोजून नकाशावर आणण्याचं काम १८३८ मध्ये अमेरिकन अभ्यासक एडवर्ड रॉबिन्सन आणि त्यांचे सहकारी एली स्मिथ यांनी केलं. शिलोहच्या बाजूनं ते मोजपट्टी घेऊन शिरले. सुरुवातीला उभं राहून चालता आलं, मग वाकून, मग रांगत. ८०० फुटांवर छत इतकं खाली आलं की परतावं लागलं. मेणबत्तीच्या काजळीनं छतावर आपली आद्याक्षरं आणि ८०० चा आकडा लिहून ते बाहेर आले. काही दिवसांनी गीहोनच्या बाजूनं सरपटत शिरले, ते आपल्याच काजळीच्या खुणेपाशी पोहोचेपर्यंत. त्यांनी काढलेली एकूण लांबी १,७५० फूट होती. आजच्या मापाशी ती मीटरभराच्याही फरकाशिवाय जुळते.

पण ना रॉबिन्सनना ना १८६७ मध्ये तिथे शिरलेल्या चार्ल्स वॉरनना भिंतीवरची अक्षरं दिसली. ती दिसली १८८० मध्ये जेकब एलियाहू नावाच्या शाळकरी पोराला. जेरुसलेममध्ये काम करणाऱ्या कॉनराड शिक या जर्मन वास्तुविशारदाचा तो विद्यार्थी होता. खालच्या तोंडापासून काही मीटर आत, पाण्याला टेकून, चुन्याच्या थराखाली सहा ओळी होत्या. पुढच्या वर्षी आर्चिबाल्ड सेस यांनी चिखलपाण्यात बसून मेणबत्तीच्या उजेडात पहिली नक्कल उतरवली. कोरलेलं अक्षर कोणतं आणि दगडाला पडलेली चीर कोणती, हेच त्यांना अनेक ठिकाणी ओळखू येईना. नंतर हेर्मान गुथे यांनी आम्लानं चुन्याचा थर धुतला आणि लेख वाचता आला.

हा लेख प्राचीन हिब्रू लिपीत आहे, आणि त्यात कोणाही राजाचं नाव नाही. देवाचंही नाव नाही. गोष्ट आहे ती खोदणाऱ्यांची. पाथरवट समोरासमोर टिकाव चालवत होते, तीन हात खडक उरला असताना एका बाजूच्या माणसाची हाक दुसऱ्या बाजूला ऐकू आली, मग ज्या दिवशी बोगदा आरपार झाला त्या दिवशी टिकावासमोर टिकाव आला आणि पाणी झऱ्याकडून तळ्याकडे १,२०० हात वाहिलं. पाथरवटांच्या डोक्यावर खडकाची उंची १०० हात होती, हेही लिहिलं आहे. हाताचं माप साधारण ४५ सेंटिमीटर धरलं तर १,२०० हात म्हणजे ५४० मीटर. राजांच्या शिलालेखांनी भरलेल्या त्या काळात कामगारांच्या दृष्टीनं सांगितलेला हा मजकूर वेगळाच उठून दिसतो. लेखासाठी तासून गुळगुळीत केलेल्या जागेचा वरचा भाग कोरा आहे. तिथे आणखी काही कोरायचं होतं का, यावर अभ्यासकांचे तर्क अजून चालू आहेत.

१८९० च्या सुमारास चोरट्यांनी हा लेख भिंतीतून तोडून काढला आणि त्यात त्याचे तुकडे झाले. जेरुसलेम तेव्हा ऑटोमन साम्राज्यात होतं. तुकडे परत मिळाले आणि राजधानीत गेले. आज लेख इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. इस्राएलनं तो अनेकदा मागितला आहे. तुर्कस्तानानं दिलेला नाही.

बोगदा गाळातून मोकळा झाला तोही विचित्र मार्गानं. १९०९ मध्ये माँटेग्यू पार्कर हे ब्रिटिश उमराव मंदिराचा खजिना आणि कराराचा कोश शोधायला आले. यहेज्केलाच्या पुस्तकात त्याचा सांकेतिक पत्ता दडला आहे, अशी फिनलंडच्या वाल्टर युवेलियस यांची समजूत होती. १९११ मध्ये या मंडळींनी पहारेकऱ्यांना लाच देऊन रात्री थेट मंदिराच्या टेकडीवर, हरम अल्-शरीफच्या आवारात खोदकाम केलं. ते उघडकीला येताच शहर पेटून उठलं आणि पार्करना याफा बंदरातून बोटीनं पळावं लागलं. खजिना मिळाला नाही. पण बोगद्यातला गाळ निघाला होता आणि फादर लुई-ह्यूग व्हेंसाँ या डोमिनिकन अभ्यासकानं तिथली प्रत्येक गोष्ट मोजून नोंदली होती. पुढच्या पिढ्यांनी त्या नोंदींवरच काम केलं.

दोन टोळ्या एकमेकींना भेटल्या कशा, हा प्रश्न अभियंत्यांनाही पडतो. भिंतीवरच्या छिन्नीच्या घावांवरून दिशा कळते. उत्तरेकडून आलेल्यांचे घाव एका बाजूला कललेले, दक्षिणेकडून आलेल्यांचे उलट. जिथे हा कल बदलतो तिथे भेट झाली. त्या जागेजवळ बोगदा चाचपडतो, डावीउजवीकडे वळतो, अर्धवट सोडलेल्या खोबण्या दिसतात. म्हणजे आवाजाचा माग काढत दोन्ही बाजू दिशा सुधारत होत्या. भूगर्भशास्त्रज्ञ डॅन गिल यांनी १९९१ मध्ये वेगळं मत मांडलं. खडकात आधीपासून एक नैसर्गिक भेग होती आणि पाथरवटांनी ती रुंद करत नेली, म्हणून इतकी वळणं, असं ते म्हणाले. आमोस फ्रुमकिन आणि आर्ये शिमरोन यांना सलग भेगेचा पुरावा मिळाला नाही. डोंगराच्या माथ्यावरून ठोके देऊन खालच्यांना दिशा दाखवली असावी, असं त्यांनी २००६ मध्ये सुचवलं. तळाचा उतार मात्र भेट झाल्यानंतर नीट केला गेला. दक्षिणेच्या टोकाला छत माणसाच्या डोक्यावर खूप उंच दिसतं, कारण पाणी वाहतं करायला तिथली जमीन खोल खणावी लागली.

काळाचा वादही असाच पुराव्यानं पुढे सरकला. १९९६ मध्ये जॉन रॉजर्सन आणि फिलिप डेव्हिस यांनी बोगदा हिज्कीयानंतर पाचेकशे वर्षांनी, हास्मोनी राजांच्या काळात खोदला गेल्याचं मांडलं. शिलालेखातल्या अक्षरांच्या वळणावरून अनेकांनी प्रतिवाद केला, पण अक्षरवळण हा काही घड्याळासारखा नेमका पुरावा नव्हे. २००३ मध्ये फ्रुमकिन, शिमरोन आणि जेफ रोझेनबॉम यांनी ‘नेचर’मध्ये प्रयोगशाळेचं उत्तर छापलं. बोगद्याच्या तळाला पाणी झिरपू नये म्हणून मूळ खोदणाऱ्यांनी गिलावा केला होता. त्यात अडकलेल्या वनस्पतींचं कार्बन-१४ पद्धतीनं वय काढलं, ते इ.स.पू. आठव्या शतकाच्या आसपास आलं. छताला लोंबणाऱ्या चुनखडीच्या एका झुंबराचं वय युरेनियम-थोरियम पद्धतीनं निघालं. युरेनियम पाण्यात विरघळतं, थोरियम विरघळत नाही. त्यामुळे नव्या झुंबरात युरेनियमच असतं आणि जसजसा काळ जातो तसं त्याचं थोरियम होत जातं. दोघांचं प्रमाण मोजलं की वय कळतं. ते इ.स.पू. ४०० च्या सुमाराचं आलं. म्हणजे बोगदा त्याआधीचाच. हास्मोनी काळाचा दावा तिथे मागे पडला. तरी २०११ मध्ये पुरातत्त्वज्ञ रॉनी राइश आणि एली शुक्रोन यांनी झऱ्याजवळच्या खापरांवरून, खोदकाम हिज्कीयाच्या काही दशकं आधीचं असावं, असं म्हटलं. त्यावर चर्चा थांबलेली नाही.

बोगद्याच्या खालच्या टोकाची कथा पुढे ख्रिस्ती धर्माच्या आरंभाशी जाऊन मिळते. योहानाच्या शुभवर्तमानातल्या नवव्या अध्यायात येशू एका जन्मांध माणसाच्या डोळ्यांना थुंकीनं कालवलेली माती लावतो आणि त्याला शिलोहच्या तळ्यात जाऊन धुवायला सांगतो. माणूस धुतो आणि पाहू लागतो. पाचव्या शतकात इथे चर्च उभं राहिलं. त्याचे अवशेष फ्रेडरिक ब्लिस आणि आर्चिबाल्ड डिकी यांना १८९० च्या दशकात मिळाले. यात्रेकरू बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या छोट्या कुंडालाच शिलोह मानत आले. पण येशूच्या काळातलं तळं ते नव्हतं.

२००४ मध्ये तिथून जवळच सांडपाण्याच्या वाहिनीची दुरुस्ती चालू होती. यंत्राखाली दगडी पायऱ्या लागल्या. राइश आणि शुक्रोन यांनी काम थांबवून उत्खनन सुरू केलं. पाच पायऱ्या, मग रुंद कट्टा, पुन्हा पाच पायऱ्या, पुन्हा कट्टा, अशी उतरंड निघाली. पाण्याची पातळी वर असो वा खाली, उतरणाऱ्याला कुठेतरी उभं राहायला जागा मिळावी, ही त्यातली सोय. एका बाजूची लांबी सुमारे ७० मीटर होती. दगडी पायऱ्यांखालच्या जुन्या गिलाव्यात अलेक्झांडर यान्नियस या हास्मोनी राजाची नाणी होती. तळ्यावर साचलेल्या मातीत रोमविरुद्धच्या इ.स. ६६ ते ७० च्या बंडातली नाणी मिळाली. म्हणजे इ.स. ७० मध्ये रोमन सैन्यानं शहर जाळेपर्यंत तळं वापरात होतं आणि त्यानंतर पावसाच्या गाळानं ते बुजत गेलं. इथून मंदिराच्या टेकडीकडे चढणारा पायऱ्यांचा दगडी रस्ताही उघडा झाला आहे. मंडपांच्या सणात शिलोहचं पाणी सोन्याच्या झारीत भरून मंदिरात नेत, असं मिश्ना या यहुदी ग्रंथात आहे.

या शोधाचं मोल योहानाच्या वाचकांसाठी मोठं आहे. चार शुभवर्तमानांपैकी योहानाचं सर्वांत तात्त्विक आणि उशिराचं, म्हणून त्यातल्या जागा प्रतीकं म्हणून वाचायची, अशी एक धारणा विद्वानांत होती. शिलोहच्या आधी बेथेस्दाच्या तळ्यानं तिला धक्का दिला होता. योहानानं सांगितलेलं पाच पडव्यांचं तळं कसं असेल, हे कोडं सेंट अ‍ॅन चर्चजवळच्या उत्खननात सुटायला लागलं. तिथे एक नव्हे तर शेजारी शेजारी दोन तळी निघाली. चार बाजूंना चार पडव्या आणि मधल्या बांधावर पाचवी, असा मेळ बसतो. आंधळ्याला दृष्टी आली का, हे कुदळ सांगू शकत नाही आणि तिनं तसा आव आणूही नये. मात्र ही कथा सांगणाऱ्याला इ.स. ७० पूर्वीचं जेरुसलेम नीट माहीत होतं, त्याच्या गल्ल्या आणि पाण्याच्या जागा ठाऊक होत्या, एवढं ती खात्रीनं सांगते.

आज हा सगळा परिसर पूर्व जेरुसलेममधल्या सिलवान या पॅलेस्टिनी वस्तीत येतो. तिथलं पुरातत्त्व उद्यान इस्राएली वसाहतींना पाठबळ देणारी एक संस्था चालवते. घरांखालून जाणारी भुयारं आणि कुटुंबांना बाहेर काढण्याचे खटले यांमुळे इथल्या प्रत्येक उत्खननावर वाद होतो. तीन धर्मांची श्रद्धा आणि दोन राष्ट्रांचा दावा असलेल्या जमिनीवर कुदळ मारताना वर राहणाऱ्यांच्या घराला तडा जाता कामा नये, हा आग्रह इस्राएलमधले काही पुरातत्त्वज्ञही जाहीरपणे धरतात, आणि तो धरायलाच हवा.

काम मात्र थांबलेलं नाही. शिलोह तळ्याच्या परिसरात दरीचं तोंड अडवणारी प्राचीन धरणाची भिंत आहे. तिच्या चुन्यात अडकलेल्या काटक्यांचं कार्बन-१४ वय २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. काटकी वर्षा-दोन वर्षांतच वाढून तुटते, त्यामुळे तिचं वय बांधकामाच्या अगदी जवळचं असतं. ते इ.स.पू. ८०० च्या आसपासचं निघालं, म्हणजे हिज्कीयाच्या शंभरेक वर्षं आधीचं. हे खरं धरलं तर त्याचे पाथरवट ज्या टोकाकडे बोगदा नेत होते तिथे पाणी अडवण्याची सोय त्यांच्या पणजोबांच्या पिढीनं आधीच करून ठेवली होती. बोगद्याच्या काळाबद्दलचं राइश आणि शुक्रोन यांचं म्हणणंही आता या नव्या आकड्याशेजारी ठेवून पुन्हा तपासावं लागेल.